पडदा जवळून ओबडधोबडच दिसायला हवा

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवता. गेल्या वर्षी गावातल्या हौशी संस्थेसाठी वाड्याच्या चौकाचा पडदा रंगवलात, 30 फूट रुंद आणि 16 फूट उंच. शाळेच्या हॉलमध्ये ज्याने पाहिला त्याने तोंडभर कौतुक केलं. नाट्यगृहात टांगल्यावर मात्र तोच पडदा मातकट दिसला, नट त्यात हरवले, आणि दुसऱ्या प्रयोगाला घडी उलगडली तर घडीच्या रेघांवर रंग तडकलेला. यंदा जुनं संगीत नाटक आहे, त्याला एक चौक आणि एक नदीचा घाट असे दोन पडदे लागणार, आणि संस्थेतली मंडळी म्हणतायत की कशाला रंगवत बसायचं, फ्लेक्स छापून घेऊ.

तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. तुम्ही चित्र काढलंत. चित्र हातभर अंतरावरून, दिवसाच्या उजेडात बघायचं असतं आणि त्याच्यापुढे कोणी उभं राहत नाही. पडदा चाळीस-पन्नास फुटांवरून, रंगीत दिव्यांत बघायचा असतो आणि त्याच्यापुढे माणसं बोलत, गात, फिरत असतात. म्हणजे तुम्ही रंगवता तो अर्धाच पडदा. बाकीचा अंतर आणि दिवे मिळून रंगवतात. त्यांच्यासाठी जागा सोडली नाही की मातकटपणा येतो. हॉलमध्ये जवळून सगळ्यांनी वाहवा केली, तिथेच खरं तर शंका यायला हवी होती.

मग जुन्या पडद्यांत एवढं बारीक काम कसं चालायचं, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ (सख्खे नव्हेत) 1910 ते 1916 या काळात संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते, आणि त्यांच्या पडद्यांची ख्याती पश्चिम भारतभर होती. तेव्हाचा उजेड आठवा: गॅसबत्त्या, किटसनच्या बत्त्या. आजच्या मानाने मंद, आणि रंगमंचावर सगळीकडे साधारण सारखा पसरलेला. पडद्यावर रंगवलेली सावली त्या उजेडात खरी वाटायची, कारण तिला खोटं पाडणारा दुसरा जोरदार दिवाच नव्हता. आज एक स्पॉट डावीकडून येतो, एक उजवीकडून, आणि तुमच्या खांबाची रंगवलेली सावली बिचारी तिसरीकडेच पडलेली असते. गंमत म्हणजे पुढे सिनेमात गेल्यावर सपाट पडदा सोडून घडीव, त्रिमितीचे सेट उभे करण्यात पुढाकार याच बाबूरावांचा. इकडे रंगभूमीवरही ललितकलादर्श या नाटक कंपनीने 1922 साली ‘सत्तेचे गुलाम’ आणलं तेव्हा खऱ्या खोलीसारखं नेपथ्य उभं केलं. पु. श्री. काळ्यांसारखा पडद्यांवर हात बसलेला चित्रकार त्या कंपनीत होता. पडद्याची मर्यादा सर्वांत आधी ओळखली ती पडदे उत्तम रंगवणाऱ्यांनी, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. तुमच्या नाटकाला मात्र पडदाच शोभेल. संगीत नाटकात नायिका मध्येच थांबून पंधरा मिनिटं गाते, ते आपण खरं मानतोच ना? मग मागचा वाडा कापडाचा आहे, हेही प्रेक्षक आनंदाने मानतो.

आता कामाकडे. कापड मांजरपाट घ्या, मिळालं तर जाडसर केसमेंट. पॉलिस्टर मिसळलेलं अजिबात नको, त्यात सरस, म्हणजे रंगात घालायचा प्राणिज डिंक, मुरत नाही. पट्टे आडवे जोडा, उभे नकोत. टांगल्यावर पडद्याचं वजन खाली ओढ घेतं आणि आडवी शिवण ताणून सपाट होते. उभी शिवण मात्र पन्हाळीसारखी वळते, आणि बाजूच्या दिव्यात तिची सावली दिसते. चारी बाजूंनी फूटभर कापड जास्त धरा, कारण रंगाचा पहिला हात बसला की सुती कापड आकसतं. जमिनीवर आधी प्लास्टिक, वर जुनी वर्तमानपत्रं, मग पडदा. कडा खिळ्यांनी किंवा वजनांनी ताणून घ्यायच्या, पण ढोलकीसारख्या नाही, आकसायला थोडी ढील ठेवायची. ब्रश बांबूला बांधा आणि उभ्याने रंगवा. गुडघ्यावर बसलात की डोळा कापडापासून दोन फुटांवर येतो आणि हात आपोआप बारीक कामात शिरतो. उभ्याने रंगवलं की तुम्ही कमीत कमी पाच फूट लांब राहता. ही सवय लागली की निम्मं शिक्षण झालं समजा.

रंग तडकले ते का? तुम्ही लिहिलंय की इमल्शनचे तीन हात दिले, वर ब्रशनेच जाड रंग लावला. पडद्याचा रंग कापडात मुरलेला हवा, कापडावर बसलेला नको. आमच्या पिढीने सरशीत काम केलं. सरस रात्रभर भिजवायची, पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवायची, उकळू द्यायची नाही, उकळली की तिची पकड जाते. त्यात खडूची भुकटी आणि रंगाच्या पुडी: पिवळी पेवडी, गेरू, तांबडी हिरमिजी, नीळ, काजळी. सरस कमी पडली तर रंग वाळल्यावर हाताला येतो, आणि जास्त झाली तर पापडासारखा तडकतो. दोन बोटांमध्ये रंग घेऊन बोटं उघडायची, किंचित चिकटली पाहिजेत, हेच आमचं माप. पावसाळ्यात सरस दोन दिवसांत कुजते आणि मग सगळ्या आळीला कळतं की नाटक बसतंय. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. फेव्हिकॉल एक भाग आणि पाणी आठ ते दहा भाग, त्यात थोडी खडूची भुकटी, हा पहिला हात. त्यावर पावडरचे रंग याच पाण्यात कालवून, नाहीतर साधं डिस्टेंपर स्टेनर (छटा देणारा रंग) घालून, ताकाएवढं पातळ करून. चमक असलेला कुठलाही रंग घेऊ नका. दिवा पडला की तेवढाच भाग आरशासारखा उठतो. आणि हे रंग वाळल्यावर उजळतात, बरेच उजळतात. डब्यात बघून ठरवू नका. कापडाच्या तुकड्यावर फासून इस्त्री फिरवा आणि मगच मोठा डबा कालवा.

रेखाटन तुम्हाला शिकवायला नको, दोन गोष्टी तेवढ्या सांगतो. एक इंचाला एक फूट असं कागदावर काढा, कापडावर दोन-दोन फुटांच्या चौकटी पाडा. सूत मारताना, म्हणजे ताणलेल्या दोरीने सरळ रेघ उठवताना, दोरीला कोळशाची भुकटी लावा, नीळ किंवा गेरू नको. कोळसा फडक्याने झटकला की जातो, नीळ मात्र पाच हात रंग दिला तरी खालून डोकावते.

दुसरी गोष्ट क्षितिजरेषेची, आणि इथे तुमच्या गेल्या वर्षीच्या पडद्याची खरी गोची आहे. फोटोत मला दिसतं की चौकाची फरशी तुम्ही पडद्याच्या तळापासून पाच-सहा फूट वर चढवली आहे. कागदावर ते बरोबर आहे. पण त्याच्यापुढे खरी, आडवी फरशी आहे आणि तिच्यावर खरा माणूस उभा आहे. प्रेक्षकाला काय दिसतं? माणूस सपाट जमिनीवर आणि त्याच्यामागे एक उभी चढण. त्यात नट मागे सरकला की रंगवलेल्या दारापेक्षा उंच होतो. कोपऱ्याकडे पळत जाणाऱ्या रेषा तर मधल्या एकाच खुर्चीवरून खऱ्या वाटतात, कडेला बसलेल्याला वाडा कललेला दिसतो. यावर जुन्या लोकांचा उपाय साधा आहे. फरशी रंगवायचीच नाही. पडद्याच्या तळाला वाड्याचं जोतं घ्या, समोरून सरळ, काळ्या दगडाचं, दोन फूट उंच. त्यावर ओसरी, ओसरीचे सुरूदार खांब, खांबांमधल्या महिरपी. सगळं समोरून. खोली दाखवायची ती महिरपीच्या आत, अंधारात, एखाद्या देवळीने आणि मागच्या दाराच्या उजळ फटीने. यथार्थदर्शनाचा, म्हणजे रेषांनी खोली दाखवण्याचा, मोह तिथेच पुरवून घ्या. क्षितिजरेषा पाच फुटांच्या आसपास धरा, म्हणजे ती उभ्या नटाच्या डोळ्यांजवळ येते आणि माप बिघडत नाही. नटांना पडद्यापासून निदान चार फूट पुढे ठेवायला दिग्दर्शकाला सांगा. मागे जागा राहिली की नटांचे दिवे पडद्यावर सांडत नाहीत आणि त्यांच्या सावल्याही भिंतीवर नाचत नाहीत.

वाड्याचा अभ्यास पुस्तकातून करू नका. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्याला लागूनच कृष्णेचा घाट. तुमची दोन्ही कामं एका दिवसात होतील. स्केचबुक न्या, मोबाइलचे फोटो कमी काढा. फोटोत सगळंच सारखं दिसतं. आपल्याला हवं असतं ते डोळे बारीक करून बघितल्यावर जे उरतं ते.

नट हरवले त्याचं कारण सांगतो. जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंतची पट्टी नटांची आहे, आपली नाही. तिथे लहान आकृत्या, उजळ ठिपके, तुळशीवृंदावनावरची रांगोळी, खुंटीला टांगलेली पगडी असलं काही नको. तिथे रंग शांत, थोडे थंड आणि चेहऱ्यापेक्षा गडद. नक्षी करायची हौस असेल तर ती सात फुटांच्या वर, तुळयांवर, सज्जावर. मी पोरसवदा असताना एका बागेच्या पडद्यावर अशा लालभडक गुलमोहराचा बहर उतरवला होता की मीच त्याच्या प्रेमात पडलो. दुसऱ्या अंकात नायिका लाल शालू नेसून नेमकी त्याच्यासमोर उभी राहिली. पाच मिनिटं एक चेहरा आणि दोन हात हवेत तरंगत गात होते. तेव्हापासून पहिला ब्रश भिजवण्याआधी कपडेपटाची यादी मागतो. तुम्हीही मागा. कोण कुठल्या प्रवेशात काय नेसणार, एवढं एका कागदावर लिहून घ्या.

आता मातकटपणा. तुमच्या पडद्यात छायेचा सगळा भाग काळा मिसळून केलेला दिसतो. काळा मिसळलेला रंग दिव्याखाली मरतो, त्याच्यात परत द्यायला काही नसतंच. छाया करायची ती मूळ रंगात त्याचा विरोधी रंग घालून. विटकरी भिंतीच्या छायेत थोडी निळसर हिरवी झाक, पिवळ्या मातीच्या भिंतीच्या छायेत जांभळट. प्रत्येक खांबाला, प्रत्येक पट्टीला चार पायऱ्या पुरतात: उजेड, मूळ रंग, छाया, आणि पडलेली सावली. पाचवी घालू नका. दहाव्या रांगेतून पाचवी आणि चौथी एकच दिसतात आणि दोन्ही मिळून घाण होते. सांधे मऊ करत बसू नका. उजेडाची रेघ अंगठ्याएवढी जाड, पट्टी धरून, एका दमात. जवळून ती रेघ गाढवासारखी दिसेल. लांबून तीच खांबाची धार होते.

दिव्यांचं गणित थोडं वेगळं आहे. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात विटकरी, गेरू, पेवडी हे रंग फुलतात. रात्रीच्या प्रवेशाला निळा दिवा आला की तेच रंग काळपट पडतात, कारण लाल रंगाला परत फेकायला लाल उजेडच मिळत नाही. एलईडीत आणखी एक गोम आहे: लाल, हिरवा, निळा एकत्र करून जो पांढरा बनवतात, तो डोळ्याला पांढरा वाटतो, पण त्यात पिवळे आणि तपकिरी विचित्र दिसतात. म्हणून तुमच्या नाट्यगृहात कुठले दिवे आहेत ते आधी विचारा, आणि शक्य असेल तर दोन फुटांचा रंगवलेला नमुना घेऊन एकदा त्या दिव्यांखाली धरून या. बसभाडं वाया जाणार नाही.

त्यावर इलाज म्हणजे शिंतोडे. माझं सगळ्यात आवडतं काम. भिंत सपाट रंगवून झाली की ब्रश अर्धवट भिजवून मनगटावर आपटायचा आणि सगळ्या भिंतीवर बारीक ठिपके पाडायचे, एकदा उबदार रंगाचे, वाळल्यावर एकदा थंड रंगाचे. विटकरी भिंतीवर आधी नारिंगी, मग निळसर राखाडी. चाळीस फुटांवरून ठिपका दिसत नाही, नुसती भिंत जिवंत वाटते. दिवसाच्या पिवळ्या दिव्यात नारिंगी ठिपके उठतात, रात्रीच्या निळ्या दिव्यात निळे उठतात. एकच पडदा दिवस आणि रात्र अशा दोन्ही वेळा दाखवतो. चंद्र, सूर्य, ढगाआडची किरणं मात्र पडद्यावर कधी रंगवू नका. ते काम दिवेवाल्याचं. आपण चंद्र काढला आणि पुढच्या प्रवेशात दुपार असली तर तो तिथून हलत नाही.

काम चालू असताना तासातासाने लांब जा. शाळेच्या गॅलरीतून, जिन्यावरून खाली बघा. दुर्बीण असेल तर उलटी धरून बघा, पडदा एकदम शंभर फूट लांब जातो. नाहीतर मोबाइलवर फोटो काढून तो काळापांढरा करा. काळ्यापांढऱ्यात वाडा वाड्यासारखा दिसत नसेल तर रंगांनी तो वाचणार नाही.

घाटाचं फार सांगत नाही, चौक जमला की घाट जमतो. पाणी निळं नको, आकाशापेक्षा एक पायरी गडद राखाडी हिरवं, आडव्या पट्ट्यांत, कोरड्या ब्रशने. पायऱ्या पडद्यावर खालपर्यंत आणू नका. पडद्यापुढे दीड-दोन फूट उंचीचा प्लायचा आडवा कटआउट उभा करा, पायऱ्यांचा किंवा झाडीचा, त्याच्यामागे पडद्याचा तळ लपतो आणि मधल्या मोकळ्या जागेत प्रेक्षक स्वतःच नदी भरतो.

आगीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगणारच. रंगवलेलं सुती कापड वाळल्या गवतासारखं पेटतं. शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत होरपळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कुठल्याही पडदेवाल्याच्या पोटात त्या बातमीने गोळा आला असेल. 700 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 300 ग्रॅम बोरिक पावडर साधारण 11 लिटर गरम पाण्यात विरघळवा आणि रंगवण्याआधीच कोऱ्या कापडाला भिजेपर्यंत मारा, पूर्ण वाळू द्या, मग पहिला हात. याने कापड जळायचं थांबत नाही, पण भडका न उडता काजळत राहतं आणि धावायला वेळ मिळतो. तुकडा आधी अंगणात पेटवून बघा. पडदा ओला झाला, धुतला गेला की हे मिश्रण निघून जातं, परत मारावं लागतं. विंगेत अगरबत्ती लावणाऱ्या हौशी मंडळींना दम द्या, तो वेगळा.

फ्लेक्सचं म्हणाल तर माझा विरोध भावनेपोटी नाही. फ्लेक्स चमकतो, समोरून दिवा पडला की पांढरा पट्टा उठतो, आणि हललं की कुरकुरतं. त्यात लोक इंटरनेटवरून वाड्याचा फोटो घेऊन मोठा करतात. फोटोतली सावली, फोटोतलं यथार्थदर्शन आणि समोर रंगभूषा केलेला माणूस, या तिघांचं एकमेकांशी पटत नाही. छापायचंच असेल तर तुम्ही स्वतः लहान आकारात रंगवा आणि ते मॅट सुती कापडावर छापून घ्या, शिंतोडे वरून हाताने मारा. ते चालतं. मी स्वतः केलंय, लपवत नाही. आणि हाताने रंगवलेले पडदे आजही बघायचे असतील तर दिवाळीनंतर झाडीपट्टीत जा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या कंपन्यांचं मुख्य ठिकाण. मांडवात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तर रंग किती ठळक लागतो, हे तिथे एका रात्रीत कळतं.

शेवटचं, घडीचं. पडदा घडी घालून ट्रंकेत ठेवायचा नाही, कितीही पातळ रंगवलेला असो. जुने पडदे खालच्या लाकडी दांड्यावर गुंडाळत वर जायचे, त्यामुळे त्यांना घडी माहीतच नव्हती. तुमच्याकडे वर ओढायची सोय नसेल तरी चार-सहा इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर ठेवून. 30 फुटांचा पाइप टेम्पोत मावत नाही, म्हणून उंचीच्या बाजूने, 16 फुटांचा करून गुंडाळतात. वर जुनी चादर बांधा. आणि दोन्ही टोकांना खडूने नाही, न पुसणाऱ्या मार्करने लिहा: कुठला पडदा, आणि वरची बाजू कोणती, बाणासकट. आमचा घाट एकदा बाण न काढता रवाना झाला. तिसरी घंटा झाली, नांदी झाली, पुढचा पडदा बाजूला सरला, आणि आकाशाच्या जागी कृष्णा वाहत होती.